चार बोटं काच

"मास्तर, ती करडी गाडी काल तुम्हीच केलीत ना?"

दवाखान्याचा वॉचमन दुकानाच्या दारात धापा टाकत उभा होता. मास्तर एका गाडीच्या दाराचं पॅड उघडून आत डोकावत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मीच केली. खडखडतेय ना? एक स्क्रू सैल राहिलाय. संध्याकाळी आणायला सांग, कसून देतो."

"मास्तर, त्या गाडीत म्हातारा मेलाय."

मास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. गाड्यांच्या दारात मोठे स्पीकर बसवून देणं हा त्यांचा धंदा. पण येईल त्या गिऱ्हाइकाला ते कानामागची पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर चित्र काढत समजावत बसायचे, ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी. म्हणून मास्तर. आपल्या कामाचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना सवय नव्हती.

दुकानाची मागची भिंत छातीएवढी. तिच्या पलीकडे दवाखान्याचं आवार, आवारात बारा गाड्या मावतील एवढी उघडी जागा, सावली नावालाही नाही. करडी गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी होती. तिच्या सगळ्या काचांना काळी फिल्म. शेजारी स्ट्रेचरवर चादर ओढलेला म्हातारा. चादरीतून एक हात बाहेर राहिला होता आणि त्याच्या बोटात पितळी अंगठी होती.

म्हातारा मूळचा घड्याळजी. अकरा वर्षांपूर्वी डावं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून त्याला मुलगी सांभाळत होती. ती आता दवाखान्याच्या पायरीवर हात मांडीत ठेवून बसली होती. पन्नाशीची बाई, केस घट्ट बांधलेले. मुलगा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ऑफिसातून धावत आला होता. गाडी त्याची. स्पीकरची हौसही त्याचीच.

"हाच तो," मास्तरांना पाहताच तो ओरडला. "याने माझ्या बापाला मारलं. मागच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, काळीज घोड्यासारखं आहे, दहा वर्षं काळजी नको. आणि या माणसाच्या कामापायी बाबा आत भाजून मेले."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टर मॅडम सडपातळ होत्या आणि फार हळू बोलायच्या. समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस सहसा खरं बोलतो असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी पुढे, म्हातारा बसला होता त्या सीटशेजारचं काचेचं बटण दाबून दाखवलं. काच हलली नाही. मग चालकाच्या दारावरचं त्याच काचेचं बटण दाबलं. काच सरसर खाली गेली आणि दाराच्या कडेवर चार बोटं शिल्लक ठेवून थांबली.

"ही अडकते, मास्तर."

"अडकत नाही, थांबते. मीच थांबवली आहे."

"म्हणजे?"

"यांना मोठे स्पीकर हवे होते. मोठ्या स्पीकरचा मॅग्नेट मागे खोल जातो आणि काच पूर्ण खाली आली की त्याच्यावर आपटते. मधे रिंग घालून स्पीकर पुढे घ्यावा लागतो, पण मग पॅड फुगतं. यांना फुगलेलं पॅड नको होतं. म्हणून दाराच्या आत, काचेच्या खाली रबराचा ठोकळा बसवला. काच चार बोटं आधीच थांबते. काल यांना दाखवून दिलं होतं."

मॅडमनी मुलाकडे पाहिलं.

"दाखवलं होतं," तो खाली बघत म्हणाला.

"बहिणीला सांगितलंत?"

"सकाळी किल्ली दिली फक्त. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

मॅडम पायरीशी गेल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या.

"गाडी किती वाजता लावलीत, ताई?"

"बाराला पाच कमी."

"मग?"

"इंजिन बंद केलं, किल्ली तशीच लावून ठेवली. एसी बाबांना सोसत नाही. त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. लुळा हात मांडीवर ठेवला की ते चिडतात, म्हणून टॉवेलची घडी दाराच्या कडेवर ठेवून तिच्यावर हात टेकवून दिला. रोज तसंच करते. गाणी लावली आणि आत नंबर लावायला गेले. पाऊण तास लागला. येऊन बघते तर काच वर."

"वर कुणी केली?"

"त्यांनीच असणार. उजवा हात चालतो त्यांचा. धूळ आली असेल. वर केली, आणि मग यांच्या त्या स्पीकरमुळे खाली झाली नसेल."

"दार उघडलं नसतं त्यांनी?"

"दार ढकलायची ताकद नाही त्यांच्यात."

"कुणाला हाक?"

"वाचाच नाही. काही हवं असलं की अंगठीनं ठोकतात. पलंगावर, टेबलावर, जे हाताशी असेल त्यावर. दोनदा म्हणजे कूस बदल. तीनदा म्हणजे पाणी."

ती अजून 'ठोकतात' असंच म्हणत होती.

मॅडम परत गाडीपाशी आल्या. "मास्तर, ही केस तुमच्या अंगावर येणार असं दिसतंय. निष्काळजीपणानं मृत्यू. तुमचं म्हणणं काय ते आत्ताच दाखवा."

मास्तरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांनी पॅडचे सातही स्क्रू काढले, पॅड उतरवलं. मॅडमनी आत बॅटरीचा उजेड पाडला. काच खाली केली तेव्हा ती रबरावर टेकली. मॅग्नेट आणि काच यांच्यात बोटभर जागा होती.

"बघा. घासल्याची रेघसुद्धा नाही."

"मग त्यांच्या बाजूचं बटण का चालत नाही?"

मास्तर वळसा घालून चालकाच्या दाराशी गेले. "हे लॉकचं बटण. हे दाबलं की बाकीच्या काचांची बटणं मरतात, फक्त चालकाची चालतात. लहान मुलं खेळू नयेत म्हणून असतं. हे दाबलेलं आहे."

"मी ते कधीच दाबत नाही," मुलगा म्हणाला.

"मला गाडी चालवता येते तेवढीच," बाई पायरीवरूनच म्हणाल्या. "बाकी बटणांतलं काही कळत नाही."

मास्तर पुन्हा उघड्या दाराशी आले. वाकून एकेक क्लिप दाबून बघू लागले. प्रत्येक तार हलवून पाहिली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आता काय शोधताय?" मॅडमनी विचारलं.

"सैल काय आहे ते. दुपारी ही गाडी खडखडत होती."

"तुम्ही ऐकलंत?"

"भिंतीपलीकडेच तर होतो. गाणी लागली तेव्हापासून ऐकत होतो." घाबरलेला माणूस, पण आवाजात तो अभिमान आलाच. "दारं अशी सील केली आहेत मॅडम, की पहिल्या गाण्यापासून नुसता बेस, ती धमधम तेवढी येत होती. एक शब्द बाहेर सांडला नाही. मधे एकदा आवाज वाढला, तरीही नाही. फक्त मधूनमधून ते टक टक टक. मला लाज वाटली. म्हटलं, मास्तर, एवढं काम केलंस आणि स्क्रू सैल ठेवलास."

"आणि सैल काय सापडलं?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले. "सगळं घट्ट आहे."

कानामागची पेन्सिल त्यांनी हातात घेतली, पण चित्र काढलं नाही. सीटांच्या मधल्या खणात हात घालून बघितला. खण रिकामा होता.

"रिमोट कुठाय?" त्यांनी मुलाला विचारलं. "प्लेअरबरोबर दिलेला. काल तुमच्यासमोर इथेच ठेवला होता."

"सकाळी होता. मी पाहिला."

मास्तरांनी खण बंद केला. मग मॅडमच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. मॅडमनी मान हलवली आणि मागच्या सीटवर पडलेला टॉवेल उचलून बाईंकडे नेला.

"ताई, एकदा करून दाखवाल? दुपारी हात कसा टेकवलात ते. लिहून घ्यायचंय."

बाई उठल्या. त्यांनी टॉवेल झटकला, त्याच्या चार घड्या केल्या, वरून तळहात फिरवला. अकरा वर्षांचा सराव होता, बघायलासुद्धा लागत नव्हतं. मॅडमबरोबर आलेल्या हवालदारानं काच जाईल तेवढी खाली केली. बाई दाराशी आल्या, टॉवेल ठेवायला हात पुढे केला आणि थांबल्या.

दाराच्या वर चार बोटं काच उभी होती. टॉवेल तिच्यावर ठेवला असता तर घसरून पडला असता. लुळा हात तर त्याआधी.

"काल संध्याकाळपासून ही काच याच्या खाली गेलेली नाही," मास्तर म्हणाले. "जाऊच शकत नाही. ताई, तुम्ही रोज करता ते सांगितलंत. आज केलं नाहीत. काच आज खाली केलीच नाहीत, म्हणून ती कुठे थांबते हे तुम्हाला दिसलंच नाही."

"आता अडकत असेल," बाई म्हणाल्या. "तेव्हा पूर्ण गेली होती."

"मग ती वर कुणी केली? बाबांचं बटण मेलेलं होतं. त्यांना ती खाली करता आली नाही तशी वरही करता आली नसती."

बाई टॉवेल छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"आणि काच उघडी असती तर मला गाण्याचे शब्द ऐकू आले असते," मास्तर पुढे बोलत राहिले. त्यांना थांबता येत नव्हतं. "बंद गाडीतून फक्त बेस बाहेर येतो. मला पहिल्या गाण्यापासून फक्त बेस आला. म्हणजे काच मधे कधी वर झाली नाही. पहिल्यापासून बंदच होती."

"गाणी बाबांना आवडायची," बाई म्हणाल्या.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "बाबा रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत. घड्याळाची टिकटिक ऐकणारा कान आहे म्हणायचे."

"म्हणजे गाणी त्यांच्यासाठी नव्हती," मॅडम म्हणाल्या. "काळी फिल्म होती, आत कुणाला दिसणार नव्हतं. ऐकू येऊ नये म्हणून गाणी. पण तरीही ठोके ऐकू आले, म्हणून आवाज वाढवावा लागला. दार न उघडता, समोरच्या काचेतून, रिमोटनं. पर्स दाखवता?"

पर्समध्ये दवाखान्याचा नंबर होता, बारा वाजून दोन मिनिटांचा छापलेला. औषधांची चिठ्ठी होती. आणि चपटा काळा रिमोट. नंबर घ्यायला दहा मिनिटंही लागली नव्हती. उरलेला वेळ बाई पोर्चच्या सावलीत उभ्या होत्या.

"ताई?" भाऊ म्हणाला. "बाबांना? तू?"

तिनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. तिचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागला.

"डॉक्टर दहा वर्षं म्हणाले तेव्हा तू हसलास. म्हणालास, बघ ताई, तुझ्या सेवेचं फळ. आणि तिथूनच स्पीकर बघायला गेलास. अकरा वर्षांत एक रात्र तू त्यांच्या खोलीत झोपलास का? एक? मला न्हाणीघरात ठोके ऐकू येतात. नळ सोडला तरी येतात. झोपेत येतात. ते झोपलेले असतात आणि मला येतात."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू पंखा घेऊन दिलास."



"किती वेळ ठोकत होते?" मॅडमनी विचारलं.

"सहा गाणी. सातव्याला थांबले." तिनं टॉवेलची घडी नीट केली. "तीनच ठोकत होते. पाणी मागत होते."

मास्तर दाराला धरून उभे होते. आपण सुटलो हे त्यांना कळलं होतं, पण बरं वाटत नव्हतं. काहीतरी आठवत होतं आणि ते आठवायला नको होतं. पॅड सैल असेल तर स्पीकरबरोबर खडखडतं. स्पीकर थांबला की तेही थांबतं. हे ते गिऱ्हाइकांना वीस वर्षं पुठ्ठ्यावर काढून दाखवत आले होते. आणि दुपारी, एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत, त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं. टक टक टक. हातातला पाना खाली न ठेवता ऐकलं होतं.

हवालदार बाईंना घेऊन निघाला. मास्तरांपाशी ती थांबली.

"मला ते ठोके ऐकायचे नव्हते म्हणून मी आवाज वाढवला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होती. "तुम्ही तर दहा पावलांवर होतात. कान लावून बसला होतात. तुम्ही का नाही आलात?"

"मला वाटलं, स्क्रू सैल आहे."

"दाराला लॉक नव्हतं," ती म्हणाली. "लॉक मी फक्त काचेचं केलं होतं." आणि ती गेली.

मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. दाराचं पॅड, सात स्क्रू, क्लिपा, तारा, रबराचा ठोकळा, सगळं मास्तरांना विचारून विचारून लिहिलं. मग त्या थांबल्या.

"तुमच्यावर काही येऊ नये म्हणून हेही स्पष्ट लिहिते. काम पक्कं आढळलं. कुठलाही भाग सैल नाही. दारातून खडखड येण्याचं काहीही कारण आढळलं नाही. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग इथे सही करा."

मास्तरांनी पेन घेतलं. शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्याखाली सही केली.