पाण्यातलं ढेकूळ

चैत्र सरत आला की भिलाईत सकाळ फार थोडी मिळायची. ऊन चढलं की बांधकामावरचं लोखंड तापायचं आणि हात लावावा तिथं चटका बसायचा. म्हणून श्यामरावांची पाखरं पाहायची फेरी रविवारी झुंजुमुंजु असतानाच निघायची. श्यामराव कारखान्याच्या कचेरीत हेडक्लार्क, मूळचे नागपूरचे. गळ्यात दुर्बीण, पायात कॅनव्हासचे बूट. सोबत त्यांच्या पत्नी कमलिनीबाई, कचेरीतलेच कृष्णराव, आणि पुढे वाट दाखवायला तेजराम.

तेजराम भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचा. कारखान्यात खलाशी होता, म्हणजे क्रेनला तुळया बांधून वर चढवणाऱ्या टोळीत. आठवडाभर तो कुणाच्या तरी ओरडण्यावर हलायचा. रविवारी मात्र शिकलेली माणसं त्याच्या मागून चालायची. तळ्याच्या काठचा चिखल फसवा, त्यामुळे तो जिथं पाय देई तिथंच सगळे पाय देत. त्याच्या पावलांचे खोल ठसे पडायचे आणि त्यात कमलिनीबाई आपली चप्पल जपून ठेवायच्या. हे तेजरामला फार आवडायचं. तो तसं कुणाला सांगत नसे.

तळं उतई गावाच्या वाटेपासून आत होतं. काठचं गाव केव्हाच उठून गेलेलं. घरांची जोती उरली होती, आणि चिंचेची झाडं. थंडीतली बदकं परत गेली होती, पाणी आटत चाललं होतं, आणि कुजलेल्या शेवाळाचा वास हवेत नुसता लोंबत होता. पावशा एकसारखा ओरडत होता. मध्येच थांबायचा, आणि ते थांबणंच जास्त ऐकू यायचं.

"थे पाहा, साहेब," तेजराम हळूच म्हणाला.

चिंचेच्या आडव्या फांदीवर घुबड बसलं होतं. मासे धरणारं, मोठं. डोळे मिटलेले.

"झोपलंय की मेलंय हो?" कमलिनीबाई कुजबुजल्या. "पंख दिसले असते तर..."

"उडव रे जरा त्याला," श्यामराव म्हणाले. "पण दगड नको हं. लागेल बिचाऱ्याला."

तेजराम जागचा हलला नाही. त्याच्या गावाकडे घुबडाला काही फेकून मारत नाहीत. मारलं तर फेकलेली वस्तू घुबड उचलतं आणि पाण्यात नेऊन टाकतं. मग ती वस्तू पाण्यात झिजत जाते, तसतसा मारणारा माणूसही झिजत जातो. दगड असला तर आयुष्य निघून जाईल इतका वेळ लागतो. पण ढेकूळ...

"अहो, भंडाऱ्याचा माणूस तो!" कृष्णराव हसले. "आधी घुबडाला नारळ फोडेल, मग विचारेल, उडता का महाराज?"

सगळे हसले. कमलिनीबाईसुद्धा. तेजरामचे कान तापले. त्यानं वाकून काठचं एक ओलसर ढेकूळ उचललं. मुठीत धरलं तशी बोटं त्यात रुतली. त्यानं ते फेकलं.

ढेकूळ फांदीला लागून खाली पडलं. घुबडानं डोळे उघडले. घाई न करता ते खाली उतरलं, ढेकूळ पंज्यात घेतलं आणि आवाज न करता पाण्यावरून गेलं. बेशरमाच्या झुडपांपाशी त्यानं पंजा उघडला. डुबुक.

"मासा वाटला त्याला!" कृष्णराव म्हणाले.

पंख सगळ्यांना छान दिसले होते. श्यामराव खूश होते. परतताना तेजराम नेहमीसारखा पुढे चालला. थोडं अंतर गेल्यावर कमलिनीबाई मागून म्हणाल्या, "तेजराम, अहो, आज तुमचे पाय उमटत नाहीत. आम्ही कुठं पाय ठेवायचा?"

तेजरामनं मागं वळून पाहिलं नाही.

तो घरी आला तेव्हा बेबी, त्याची बायको, झोपडी सारवून दारात हात धूत होती. तिनं वर पाहिलं तर तो आत भिंतीशी टेकून बसलेला.

"अजी! तुमी कवा आले? वल्ल्यावर पाय देऊन गेले ना..." म्हणत ती आत आली आणि खाली पाहू लागली. दारापासून भिंतीपर्यंत सारवण ओलं होतं आणि त्यावर काहीही उमटलं नव्हतं.

तेजरामनं सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की शेवटी तिला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"लोक हासले म्हणून मारलं?"

"हो."

"मंग आता बसले कावून? उठा. काढून आनू थे."

ते तळ्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. बेबी काठावर उभी राहिली. तेजराम पाण्यात उतरला. बेशरमाच्या झुडपांपाशी पाणी छातीपर्यंत आलं. तळाला पाय टेकतच नव्हता, सारखा वर येत होता. शेवटी एका हातानं झुडूप धरून त्यानं बुडी मारली आणि दुसऱ्यानं चिखल चाचपला.

एक ढेकूळ लागलं. त्यात बोटांचे खळगे होते. त्यानं आपली बोटं त्यात बसवून पाहिली. खळगे लहान होते, लेकराच्या मुठीचे.

त्यानं ते सोडून दिलं. दुसरं लागलं, सुपारीएवढं झिजलेलं. त्यावर एकाच अंगठ्याची खूण उरली होती. मग तिसरं. मग हात नेईल तिथं. कुणाकुणाची बोटं होती त्यांत. गाव उठून इतका काळ लोटला, ती सगळी केव्हाच विरघळायला हवी होती. की अजून विरघळतच होती...

"भेटलं काय?" काठावरून बेबी ओरडली. "अजी, बोला ना! मले तुमी नीट दिसून नाही राहिले!"

तो पुन्हा खाली गेला. छाती फुटायला आली तेव्हा बोटं चार खळग्यांत अलगद जाऊन बसली. त्याचीच मूठ. लिंबाएवढंच उरलं होतं. त्यानं ते वर ओढलं. चिखलानं सोडायला थोडा वेळ लावला, एवढंच.

बेबीनं ते पदरात घेतलं आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. वाटभर ती म्हणत होती, "बोलत राहा. काही बी बोला." तो बोलत होता. मोहाच्या झाडापाशी आल्यावर त्याच्या पायाखाली वाळलेलं पान कुरकुरलं. ती थांबली. दुसरं पानही कुरकुरलं. मग ती रस्त्यातच खाली बसून रडली, आणि रडता रडता हसली.

घरी आल्यावर तिनं चिमणी लावली आणि ढेकूळ तव्यावर ठेवलं. चुलीतल्या निखाऱ्यांवर हळूहळू वाळवायचं आणि गाडग्यात घालून उंच टांगायचं, असं दोघांचं ठरलं. तेजराम भाकरी खात होता. पोटात अन्न गेल्याचं त्याला कळत होतं. कारखान्याकडचं आभाळ लाल झालं होतं.

"हे तुमचे बोटं," बेबी ढेकूळ फिरवत म्हणाली. "अन् ह्या बाजूनं? दोनी हातानं धरलं होतं काय?"

"नाही. एकाच."

तिनं चिमणी जवळ आणली. पलीकडच्या बाजूला तीन बोटं रुतलेली होती. लांब, बारीक, घुबडाच्या नखांची नव्हेत. खळग्यांत पाणी होतं. खालचा तवा तापला होता, तरी ते आटत नव्हतं.

दोघं पाहत असतानाच त्या तिन्हींच्या शेजारी माती हळूच दबली आणि चौथं बोट उमटलं.