तिचं शेवटचं पान

“अहो, माझं पान पुन्हा तुमच्याकडे आलंय!”

टायपिस्टबाई तणतणत आल्या, तेव्हा संगणकवाला ते पान कडा सरळ करून हातात धरूनच उभा होता.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “बघतो हं.”

दोन महिन्यांपूर्वी वकिलांच्या या ऑफिसात तो कंत्राटावर आला आणि त्याने छपाईचा मॅक्रो लिहिला. एक बटण दाबायचं, की प्रिंटर कुठला, ट्रे कुठला, प्रती किती, सगळं आपोआप. झकास चालायचं. फक्त तिच्या प्रत्येक दस्ताचं शेवटचं पान तेवढं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या प्रिंटरवर निघायचं. दिवसाला चार-पाच फेऱ्या. आधी नुसतं “पान द्या.” मग “देतो... घाई काय एवढी?” मग पान दोघांच्या बोटांत जरा जास्तच वेळ...

तक्रार ती रोज करायची. त्याच्याकडे. साहेबांकडे एकदाही नाही, हे हिशेबात धरायला हवं.

आज त्याचा शेवटचा दिवस होता.

“उद्यापासून पान तुमच्याकडेच येईल,” तो खाली बघत म्हणाला. “पाचला निघण्याआधी दुरुस्त करतो.”

“दोन महिने न सापडलेला बिघाड आज बरा सापडला!”

तो घाईघाईने बॅगेत वस्तू भरू लागला.

जागेवर येऊन तिने मॅक्रो स्वतःच उघडला. ओळीमागून ओळ वाचत गेली — आणि थिजली. स्वच्छ लिहिलं होतं: पान शेवटचं असेल, तर प्रिंटर त्याचा. खाली एक टीप. अशी टीप मशीन वगळतं, वाचतो तो फक्त उघडणारा माणूस.

‘ती येते. हे काढू नये.’

बाई गं! बिघाड नव्हताच? साठ दिवस हा माणूस साळसूद चेहऱ्याने “कमाल आहे” म्हणत होता?

घड्याळात पावणेपाच. कान तापलेले. तिने ‘पान शेवटचं असेल, तर’ एवढंच खोडलं, तीन पानांवर एकेक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं.

पलीकडे प्रिंटर घरघरला. बॅग आवरणारा तो दचकला.

पहिलं पान: ‘मॅक्रो वाचला.’ त्याचा चेहरा पांढराफटक.

दुसरं: ‘टीपसुद्धा.’ तो मटकन खुर्चीत बसला.

तिसरं पान त्याने दोनदा वाचलं. ‘इतक्या फेऱ्या मी मारल्या. आता तुम्ही या.’

तो आला. पानं वेडीवाकडी, कडा जुळवायचं भान कुणाला!

“रागावलात?”

“भयंकर.” तिने हात पुढे केला. “आणा ती पानं.”

“दोन घ्या,” तो म्हणाला. “शेवटचं... माझ्याकडे राहू दे?”

“राहू दे,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच येतं ते.”