हिरवळीवरची मासेमारी

त्या दुकानात शिरल्यावर तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर छताचा दिवा फोडला.

तसा तिचा दोष नव्हता... म्हणजे होता, पण थोडाच. भिंतीला टेकवलेला मासेमारीचा लांबलचक रॉड तिने नुसता उचलून पाहिला, ऐटीत मागे झोकला आणि वर खळ्ळकन आवाज झाला. काउंटरमागचा तरुण दुकानदार चहाचा कप हवेतच धरून तिच्याकडे बघत राहिला.

"लागलं... नाही ना तुम्हाला?" त्याने विचारलं, तेही इतकं सावकाश, की लागलं असतं तर एव्हाना मलमपट्टी होऊन ती घरी पोचली असती.

"नाही. दिवा भरून देते. मला रॉड हवाय, हाच बांधा. लवकर, माझी ड्यूटी आहे."

"हा... तुमच्यासाठी नाही."

ती रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पत्ता काढायचा आणि गाडी सोडायची, हे तिचं काम. घरी बाबा तिला वावटळ म्हणत. अर्ध्या वाक्यावर थांबणारा माणूस दिसला की तिचा जीव वरखाली व्हायचा.

"माझ्यासाठी नाही म्हणजे?"

"तो फार कडक आहे, मोठ्या माशांचा. नवशिक्याला हा बरा. नऊ फुटी, पाच नंबरचा, जरा लवचीक." त्याने दुसरा रॉड तिच्या हातात दिला. "दोरही पाच नंबरचाच घ्यायचा. हे फ्लाय फिशिंगचं सामान आहे. फ्लाय म्हणजे काय, गळावर पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. फुंकरीने उडेल इतकी हलकी. ती फेकता येत नाही. वजन दोराला असतं, दोर तिला घेऊन जातो."

"आणि ती चकचकीत रील?"

"साधी घ्या. तिने नुसता दोर सांभाळायचा." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण हे एवढं... एकदम कशासाठी?"

का कोण जाणे, तिने सांगून टाकलं. आई गेली आणि बाबांनी नदीवर जाणं सोडलं. मग हळूहळू घराबाहेर पडणंच सोडलं. त्यांचा रॉड कपाटावर पडून होता, त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. "मी फारच मागे लागले तेव्हा ते म्हणाले, तुला स्वतःला दोर टाकता आला की येईन. मला जमणार नाही याची खात्री होती म्हणून म्हणाले. पण बोलले ना! आता सोडते की काय मी त्यांना?"

"हंगाम संपायच्या आत जमायला हवं. मग कित्येक महिने नदीवर बंदी."

"तोवर ते खुर्चीतून उठायचेही नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मी शिकवतो." हे मात्र तो पटकन बोलला.

दुकानामागे हिरवळीचा एक तुकडा होता. तिथे शिकवणी सुरू झाली. दोराच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधायचा, नाहीतर नवशिका पहिल्याच दिवशी स्वतःच्याच कानात गळ अडकवून घेतो. आईच्या विणकामाच्या टोपलीतली नारिंगी लोकर ती घेऊन आली.

"मागे... थांबा... आता पुढे."

ती कसली थांबतेय! दोर चाबकासारखा कडाडायचा आणि गोंडा तुटून कुंपणापलीकडे जायचा.

"मागे गेलेला दोर आधी सरळ होऊ द्या," तो म्हणायचा.

"आणि जास्तच थांबलं तर, सावकाशराव?"

"तर जमिनीवर पडतो. मग कितीही जोर लावा."

एकदा मनगट आवरायला म्हणून त्याने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"नाडी बघताय का?"

"फार पळतेय."

"फोनवर असले की पळतेच माझी."

"आत्ता... फोन कुठाय?"

गवत ओलं होतं, भुरभुर पाऊस त्याच्या केसांवर साचत होता आणि ती उगाचच रीलचा दांडा फिरवत बसली.

दिवस गेले. दोर आता अलगद उलगडायचा. "जाऊ या नदीवर?" ती विचारायची. "अजून थोडं... मनगट," तो म्हणायचा आणि नवा गोंडा बांधायचा.

एका संध्याकाळी ती घरी लोकर तोडत बसली होती. बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "तुझ्या आईची ना ही? अजून गवतावरच आहेस? दाखव बघू."

तिने घरासमोरच्या रस्त्यावर दोर टाकला. ते बघायला बाबा दारापर्यंत आले. दोर डोक्यावरून सरळ गेला आणि टोकाचा गोंडा मुकाट्याने खाली टेकला.

"अगं, हे तर केव्हाच जमलंय तुला! लोकर दोन-चार दिवसांची असते. तुझा गुरू एक तर ठार अडाणी आहे, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"तुझ्या आईला मी अख्खा उन्हाळा पोहायला शिकवत होतो. तिला आधीपासून येत होतं, हे तिने लग्नानंतर सांगितलं." आणि बाबा हसले. किती दिवसांनी हसले!

तिला मात्र आतून गोड वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. ती तडक दुकानात गेली.

"रविवारी हंगाम संपतोय. माझ्या बाबांचं काय पणाला लागलंय ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी लोकर बांधत बसलात?"

त्याचा चेहरा पडला. "चुकलं माझं. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. पण नदीवर गेलात की शिकवणी संपली... मग तुम्ही इथे कशाला याल? मला..."

तो थांबला. तिने वाक्य पुरं केलं नाही. वाट पाहिली. तो नुसता दोर गुंडाळत राहिला.

"रविवारी पहाटे या," ती शेवटी म्हणाली. "बाबा येतायत. खरा गळ तुम्हीच बांधायचा."

रविवारी नदीवर धुकं होतं. बाबांनी कपाटावरचा रॉड खांद्यावर टाकला होता. त्यांनी दुकानदाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "मनगट बघा हो तिचं," असं म्हणाले आणि पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिले.

त्याने करड्या पिसांची माशी बांधली. तिने दोर मागे नेला, थांबली आणि पुढे सोडला. माशी पाण्यावर टेकली.

"सुरेख," तो म्हणाला.

"ते असू दे. तुम्ही परवा 'मला'पाशी थांबला होतात."

"योग्य वेळ आली की..."

"सावकाशराव, जास्त थांबलं की दोर कुठे पडतो?"

"जमिनीवर."

"मग?"

त्याने मोठा श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. हंगाम असो-नसो, तुम्ही रोज यावं असं वाटतं."

तेवढ्यात दोराला हिसका बसला आणि रॉड वाकला.

"अगं वावटळे, मासा!" वळणावरून बाबा ओरडले. "ओढ, ओढ!"

"थांबा हो जरा!" ती ओरडली. उभ्या आयुष्यात तिने कुणाला थांबायला सांगितलं नव्हतं. मग ती त्याच्याकडे वळली. "मलाही आवडता तुम्ही. गोंडा दुसऱ्यांदा बांधलात ना, तेव्हापासून."

मासा केव्हाच सुटून गेला होता. दोर सैल होऊन पाण्यावर तरंगत होता आणि तिचा हात त्याच्या हातात होता.

"जाऊ दे!" बाबांनी तिकडून हात हलवला. "पुढच्या हंगामात धरू आपण!"