साखळी

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. खोटं खरं वाटेल असं कसं बोलायचं, हेच मी आयुष्यभर शिकवत आले. त्यामुळे माझ्या शब्दावर कोणी चटकन विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पण हे घडलं आहे. माझ्यासमोर. आणि रात्री नाही... भर दुपारी.

आमच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागात मी आवाज शिकवते. तळमजल्यावर लाकडी जमिनीची एक लांब खोली आहे. खिडक्यांना जाड काळे पडदे, कोपऱ्यात तालमीच्या मोडक्या खुर्च्या. ती खोली बरीच वर्षं माझी होती. आधी ती आमच्या दोघांची होती.

माझा नवरा नट होता. मास्तरही होता. पोरं त्याला घुमट म्हणायची, कारण तो नुसता खाकरला तरी भिंती घुमायच्या.

त्याच घुमटाच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी जीव वाचवायला आवाज कापून घेतला. पुढे जीवही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. शेवटचं वर्षभर तो ओठ हलवायचा आणि मी वाचायचे. घरात मी एकटीच बोलत होते.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा नट, रेकॉर्डिंग असतील की. आहेत. कपाटभर आहेत. पण त्यांत तो राजा आहे, चोर आहे, भांडकुदळ म्हातारा आहे. माझा नवरा एकाही टेपमध्ये नाही.

माझा नवरा दाढी करताना गुणगुणायचा. शब्द नाहीत, चाल नाही. तोंड मिटून नुसता एक लांब खालचा सूर. घसा तापवायला. मी वैतागायचे, "अहो घुमट, नळ तरी बंद करा!" म्हणून ओरडायचे.

तेवढा एक सूर मला पुन्हा ऐकायचा होता. बस. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

आता साखळीबद्दल सांगते. हा त्याचाच व्यायाम. सगळ्यांनी जमिनीवर ओळीने उताणं पडायचं. डोळे बंद, तोंड बंद. सगळ्यांनी मिळून एकच सूर धरायचा. आणि नियम एकच... शेजाऱ्याचा श्वास संपला की सूर आपण सांभाळायचा. त्याने दम घेतला की मग आपण घ्यायचा. सूर थांबता कामा नये. तो पोरांना दम द्यायचा, "शेजाऱ्याला उघडं पाडाल तर याद राखा."

तो गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी साखळी पुन्हा घेतली.

छान चालली होती. मी टाळी वाजवली. टाळी म्हणजे थांबा.

सगळे थांबले.

एक आवाज थांबला नाही...

खालचा. जाड. माझ्या पायाखालची लाकडं थरथरत होती.

"कोण आहे तो शहाणा?" मी ओरडले.

पहिल्या ओळीतली एक मुलगी उठून बसली. बारीक आवाजामुळे तिला मी पिपाणी म्हणते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम... आम्ही सगळे थांबलोय."

मी ओळीने सगळ्यांची तोंडं पाहिली. मिटलेली. गळे स्थिर.

आणि सूर चालूच...

मग तो हळूहळू बारीक झाला आणि संपला. दम संपल्यासारखा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती.

घाबरले का? नाही. मी पडद्याआड जाऊन पोटभर रडले.

त्यानंतर मी रोज साखळीच घेत सुटले. पाठांतर नाही, उच्चार नाहीत. पोरं दमायची, कोणाला चक्कर यायची. मला दिसायचं, पण थांबवत नव्हतं. टाळी वाजवायची आणि कान देऊन उभं राहायचं. तो यायचा. घरी मात्र कधीच नाही. आरशासमोर मी तासन् तास उभी राहिले, तिथे नुसता नळ ठिबकत होता.

शेवटी विभागप्रमुखाने बोलावलं. तो आमचाच जुना विद्यार्थी.

"मॅडम, पोरं घाबरलीत. साखळी आता बंद करा."

मी पर्स उचलून उठायला लागले.

"सरांची आठवण येते ना?"

"येते रे. पण आठवण आवाज करते का?"

त्याचेही डोळे भरले होते.

त्या संध्याकाळी मी पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि एकटी त्या खोलीत जाऊन जमिनीवर पडले. डावीकडे जागा सोडली. तो नेहमी डावीकडे झोपायचा.

डोळे मिटले. सूर लावला.

माझा दम संपत आला... संपला...

सूर थांबला नाही.

डावीकडून येत होता. अगदी कानाजवळून.

मी दम घेतला, सुरात सूर मिसळला. मग त्याने घेतला, मी सांभाळलं. पुन्हा मी, पुन्हा तो. किती वेळ गेला कोण जाणे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके शहाण्यासारखे कधी वागलो नव्हतो.

मग त्याचा सूर कापू लागला.

दम संपत आला होता त्याचा. आता माझी पाळी.

मी तोंड मिटलं, सूर लावायला गेले... आणि हुंदका आडवा आला. आवाज फुटेना.

"थांब... थांब ना रे..."

सूर बारीक झाला.

आणखी बारीक...

तुटला.

मी डावीकडे हात नेला. लाकूड गार होतं.

त्यानंतर तो सूर पुन्हा आला नाही. माझा घसा डॉक्टरांनी तपासला, ठणठणीत आहे म्हणाले. मी वर्गात तास तास बोलते, रागावते, हसतेसुद्धा. पण तोंड मिटून तो एक सूर लावायला गेले की काही निघत नाही. आजही नाही.

पिपाणी आता शिकून आमच्याच विभागात, त्या खोलीत शिकवते. मी सोडून दिलेली साखळी तिने पुन्हा सुरू केली. परवा तिचा फोन आला.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"टाळी वाजवली की... सगळे थांबल्यावर... कोणीतरी श्वास घेतं हो. मोठ्ठा. आत घेतं..."

"आणि?"

"सोडत नाही, मॅडम. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं."

मी फोन ठेवला.

रोज त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. तोंड मिटते. सूर लावून बघते.

अजून लागत नाही.