एकोणसाठचे पाच फटके

‘‘शैला, तुझ्याकडे तक्रार आलेलं ते घर. मुलगा जिवंत आहे, पण राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.’’

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला डिटेक्टिव्ह मरेचा फोन आला. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करणारी शैला टिपणीस कोटाची बटणंही न लावता धावत सुटली.

घर एका फ्रॅटर्निटीचं होतं. भारतीय घरांतल्या वीसेक मुलांनी एकत्र राहायचं, आयुष्यभर एकमेकांना भाऊ म्हणायचं. मात्र भाऊ होण्याआधी नव्या मुलांनी मार खायचा. या माराबद्दल बाहेर कुणी बोलत नसे.

तळघराच्या जिन्याखाली रक्ताचं थारोळं होतं. वेदांतला नुकतंच ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं. वय एकोणीस, आईबाप जवळच्याच नोव्हाय गावात राहणारे.

‘‘जिन्यावरून पडला म्हणतात,’’ मरे म्हणाला.

शैलाने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मानेच्या उंचीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. पडणाऱ्या माणसाचं रक्त इतक्या वर उडत नाही.

हॉस्पिटलमधून कळलं, तीन बरगड्या मोडल्यात, प्लीहा फुटलीय आणि मांड्यांवर रुंद फळीचे काळेनिळे वळ आहेत. ऑपरेशन सुरू झालं होतं.

गेल्या शुक्रवारी आलेली निनावी तक्रार तिला जवळजवळ पाठ होती. ‘डोळे बांधून मला शंभरपासून उलटे आकडे मराठीत म्हणायला लावले. चूक झाली की कुणीतरी टेबलावर टकटक करायचं, मग फळी बसायची. साठनंतर मी एकोणपन्नास म्हणालो. त्या चुकीला पाच फटके. टकटक करणारा एक शब्दही बोलला नाही. प्लीज हे थांबवा.’

सोमवारी शैलाने नियमाप्रमाणे नोटीस पाठवली होती. तिच्यात एवढंच होतं, ‘एका नव्या मुलाला मातृभाषेत उलटे आकडे म्हणायला लावून मारलं, अशी तक्रार आहे.’

गुरुवारी सकाळी तिने पहिल्यांदा अध्यक्ष ईशानला बोलावलं.

‘‘काल दुपारी कुठे होतास?’’

‘‘लॅबमध्ये, मॅम. एक ते पाच. प्रोफेसरला विचारा.’’

‘‘घरात कोण होतं?’’

‘‘नोबडी. बुधवारी दुपारी सगळ्यांचे क्लासेस असतात.’’

‘‘त्या जिन्याला कठडा आहे ना? मग पडला कसा?’’

‘‘कठडा नवाच आहे. शनिवारी मी आणि नकुलनेच लावला. जुना कधीच तुटला होता.’’

‘‘साठच्या आधीचा आकडा मराठीत काय, रे?’’

ईशान गोंधळला. ‘‘मला दहापर्यंतच येतं. आफ्टर दॅट, सॉरी.’’

जखमी वेदांत पहिल्यांदा दिसला होता तो घरातल्या नकुलला, म्हणून मग तिने त्याला बोलावलं. नकुलच्या तळहातांवर फोड होते. शैलाची नजर पडताच त्याने मुठी मिटल्या.

‘‘फळी कुणाच्या हातात असायची?’’

तो रडू लागला. ‘‘माझ्या. पण ते मागच्या आठवड्यात. काल मी हात नाही लावला, आय स्वेअर. पाचला आलो तर तो... त्याच्या तोंडातून बुडबुडे येत होते.’’

‘‘त्याचा आकडा चुकला हे तुला कसं कळायचं?’’

‘‘टकटक व्हायची तेव्हा. माझ्या घरी गुजराती बोलतात, मॅम.’’

‘‘टकटक कोण करायचं?’’

नकुलने खुर्ची मागे सारली आणि दाराकडे पाहिलं. मारापेक्षा मोठी भीती त्याच्या डोळ्यांत दिसत होती.

दुपारी राजीव सबनीस आले. पंचवीस वर्षांपूर्वी याच घरात भाऊ झालेल्यांपैकी एक. आता मोटार कंपनीत मोठे इंजिनियर, फ्रॅटर्निटीचे सल्लागार आणि रविवारच्या मराठी शाळेचे लाडके राजीवकाका. शैला त्यांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतून ओळखत होती.

‘‘शैलाताई, माझी झोप उडालीय हो. वेदांत माझा विद्यार्थी. सहा वर्षं शिकवलंय मी त्याला.’’

‘‘माझी नोटीस मिळाली होती?’’

‘‘सोमवारीच. पोरांना एवढंच सांगितलं, तक्रार आलीय, नीट वागा. नोटीस दाखवली नाही. उगाच सूडबुद्धी नको.’’

‘‘त्या घरात शेवटचे कधी गेलात?’’

‘‘तीन वर्षं झाली. आम्ही म्हातारे कशाला मध्ये लुडबुडायला?’’ त्यांनी चष्मा पुसला. ‘‘तो नवा कठडा जरी धरला असता ना पोराने...’’

शैलाने मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

शुक्रवारी दुपारी बाराला तिने तिघांना त्याच घराच्या दिवाणखान्यात बसवलं. मरे दाराशी उभा राहिला.

‘‘वेदांतने चूक केली ती मराठीत,’’ शैला म्हणाली. ‘‘ती पकडायला पकडणाराही मराठी हवा. साठनंतर एकोणसाठ येतात, एकोणपन्नास नाही, हे ईशानला माहीत नाही, नकुलला तर त्याहून नाही. म्हणजे टेबलापाशी तिसरं कुणीतरी बसलेलं होतं.’’

ईशानने नकुलकडे पाहिलं.

‘‘तो माणूस बोलत का नव्हता? डोळे बांधलेला वेदांत आवाज ओळखेल म्हणून. सहा वर्षं दर रविवारी ऐकलेला आवाज.’’

‘‘शैलाताई, काय बोलताय तुम्ही!’’

‘‘तक्रारीत नाव नव्हतं. माझ्या नोटिशीतल्या मातृभाषेतल्या आकड्यांवरून नाव ओळखता येत होतं, कारण तशी शिक्षा एकट्या वेदांतलाच झाली होती, पण नोटीस तुम्ही एकट्यानेच वाचली. आणि तीन वर्षांत इकडे फिरकला नाहीत, तर गेल्या शनिवारी लावलेला कठडा तुम्हाला कसा माहीत? ईशान, तू सांगितलंस?’’

‘‘नो. कुणालाच नाही.’’

‘‘नकुल?’’

नकुल उठून उभा राहिला. ‘‘मी पण नाही. टकटक राजीव अंकल करायचे. बोललास तर तुझी फळी पोलिसांना दाखवीन, असं म्हणाले होते.’’

राजीव ताडकन उठले आणि नकुलचा गळाच धरला. नकुलचं डोकं भिंतीवर आपटलं. मरेने त्यांना मागून मिठी मारून खाली पाडलं, तरी ते लाथा झाडत होते.

‘‘मलाही मारलं होतं!’’ ते ओरडत होते. ‘‘रक्त ओकलो होतो मी! मेलो का? माणूस झालो! बुधवारी त्याला म्हटलं, तक्रार मागे घे. नाही म्हणाला. माझ्या तोंडावर नाही म्हणाला! या घराला टाळं लागू देऊ मी?’’

बेड्यांचा आवाज आला आणि ते गप्प झाले. त्यांच्या व्हॅनमध्ये, मराठी शाळेच्या पुस्तकांच्या खोक्याखाली, फळी सापडली. तिच्या कडेला केस चिकटलेले होते.

शैला तिथून थेट हॉस्पिटलमध्ये गेली. वेदांत शुद्धीवर आला होता, पण प्लीहा काढावी लागली होती आणि एक किडनीही गेली होती. बाहेर त्याची आई, मीनाक्षी, खुर्चीत ताठ बसली होती.

‘‘पकडलं त्याला,’’ शैला म्हणाली. ‘‘पण तुम्हाला अजून एक सांगायचंय. वेदांतने नाव लपवलं होतं. ते उघडं पडलं माझ्या नोटिशीमुळे. ती आकड्यांची ओळ मी लिहायला नको होती.’’

मीनाक्षी उठली. तिने शैलाच्या थोबाडीत मारली. कॉरिडॉरमधली नर्स थबकून बघू लागली. शैला जागची हलली नाही.

‘‘हे ऑफिसात सांगितलंत?’’ मीनाक्षीचा आवाज फाटला होता.

‘‘अजून नाही.’’

‘‘मग तक्रार करा. स्वतःविरुद्ध. माझ्या पोरानं केली तशी, पण नाव घालून.’’

शैलाने शेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉप उघडला. मीनाक्षी तिच्या खांद्यामागे उभी राहून एकेक ओळ वाचत होती.