अर्धा पाव म्हणजे किती?

हेमांगी खापर्डे बी.एड.चा शेवटचा सराव पाठ घेत होती. पाचवीचा वर्ग समोर होता आणि त्यांचे पालक 'फळा' अ‍ॅपवर थेट बघत होते. एका काकूंनी तर पाठ सुरू व्हायच्या आधीच बदाम पाठवला होता.

छताला चिकटलेला 'आकलक' मुलांचे आवाज ऐकून कोणाला किती समजलं ते मोजायचा. घडवताना त्याला राज्यभरातले तास ऐकवले होते. त्यातून तो एकच गोष्ट शिकला: मॅडमनी "समजलं का?" विचारलं आणि मुलांनी "होऽऽ" म्हटलं, की समजलं. नव्वद टक्के 'हो' असेल तरच पदवी. मागच्या खेपेला हेमांगी एका मुलाच्या खोकल्यामुळे नापास झाली होती. आकलकाला तो 'नाही' वाटला. आता पुन्हा संधी नव्हती.

"अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. समजलं का?"

"होऽऽ!"

"नाही," बेकरीवाल्यांची नफिसा उभी राहिली. "मॅडम, मी सकाळी अर्धा पाव खाल्ला. म्हणजे किती खाल्लं?"

वर्ग खिदळला. हेमांगीचे डोळे चमकले. इतका चांगला प्रश्न तिच्या पाठ टाचणातसुद्धा नव्हता. तिने खडू उचलला, तोच टेबलावरचा टॅब उजळला: 'आकलन घसरत आहे. बेसूर आवाज मिटवायचा?'

"दाबा ना," मागच्या बाकावरून पाठाचे निरीक्षक डोईफोडे सर पुटपुटले.

"पण सर, तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच वेळ लागेल. नोकरी लागली की सांगा उत्तर."

हेमांगीने दाबलं.

आकलकातून नफिसाच्या आवाजाच्या नेमक्या उलट्या लहरी सुटल्या. दोन्ही लहरींनी एकमेकींना गिळलं. नफिसाचे ओठ हलत राहिले, ऐकू काहीच येईना. तिने घसा खाकरून पाहिला. तोही मुका. ती खाली बसली.

"समजलं का?"

"होऽऽ!"

शंभर टक्के. काकूंनी लिहिलं, 'किती शिस्त आहे वर्गात!'

सुट्टी झाल्यावर हेमांगी नफिसाला मैदानाच्या पार टोकाला घेऊन गेली.

"इथे ते यंत्र पोचत नाही गं. विचार आता."

नफिसाचे ओठ हलले. आवाज नाही.

"अगं, इथे येतो आवाज! मोठ्याने बोल बरं."

नफिसाने मान डोलावली आणि पुन्हा नुसते ओठ हलवले. अगदी सवयीचं असल्यासारखं.

"अभिनंदन, खापर्डे मॅडम!" डोईफोडे सर लांबूनच ओरडत आले. "एक नंबर पाठ झाला!"

हेमांगी त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. एका तासात मुलगी इतकं पक्कं शिकली होती. मग पाठ चांगला झाला नाही, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं?