परवानाधारकाचं कुलूप

फोन आला तेव्हा वायरिंगचा मिस्त्री वीज निरीक्षकबाईंच्या समोरच बसला होता. ठेकेदार कंपनीला वापरायला दिलेला आपला परवाना त्याला काढून घ्यायचा होता.

"माझ्या परवान्यावर ठेके घेतात," तो सांगत होता, "तर मी तपासल्याशिवाय वीज सोडायची नाही, एवढं करारात घाला म्हटलं. मालक म्हणतो, पगार वाढवतो, पण लिहून देणार नाही."

बाईंनी फोन ठेवला. "तुमचं काम चाललंय त्याच इमारतीत आत्ता रंगारी भाजलाय. उघड्या तारेला हात लागला."

"शक्यच नाही. काल मेन स्विच पाडून कुलूप घातलंय मी."

दोघं तिथं पोचली. स्विच बंद होता, कुलूप जागेवर होतं. मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिला.

"हे असं मी लावलेलं नाही. भोक बाहेर आलंय. किल्लीचं भोक मी भिंतीकडे करतो. सिमेंटची धूळ जाते आत."

तिथं आलेला कंपनीचा मालक खेकसला, "किल्ली कुणाकडे? ह्याच्याकडे. परवाना कुणाचा? ह्याचा. मग आमच्या नावानं कशाला बोंब?"

मालकाच्या मागे मिस्त्रीचा जावई उभा होता.

"तुम्ही इथं काय करता?" बाईंनी विचारलं.

"सुपरवायझर आहे. कालपासून."

"माझा जावई. मला कुणी बोललं नाही," मिस्त्री पुटपुटला.

"दुसरी किल्ली कुठं असते?"

"घरी. फडताळात."

"काल घरी कोण आलं होतं?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. मग जावयाकडे पाहिलं.

बाई जावयाकडे वळल्या. "कुलूप फोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय. एक किल्ली सकाळपासून माझ्या कचेरीत, ह्यांच्या खिशात होती. दुसरी फडताळातून उचलायची तर घरातलंच माणूस हवं. रंगारी भाजल्यावर तुम्ही स्विच पाडून कुलूप परत घातलंत, म्हणजे संशय ह्यांच्यावर जावा. फक्त सासऱ्यांची सवय तुम्हाला ठाऊक नव्हती. खिसा दाखवा."

जावयानं किल्ली काढून दिली.

"मालकांनी सांगितलं म्हणून... नोकरीच त्या बोलीवर दिली हो!"

"म्हणजे ह्यांनी मागितलेली अट तुम्हाला अशी टाळायची होती," बाई मालकाला म्हणाल्या.

मालकानं मिस्त्रीला खांद्याला धरून बाजूला घेतलं. "जावयाला किल्ली तुम्हीच दिलीत, असं सांगा. रंगाऱ्याचं औषधपाणी मी बघतो. तुमची अट आज लिहून देतो."

"आज देता होय?"

"बाबा, तुमच्या लेकीचा तरी विचार करा!" जावई म्हणाला.

"तिचाच करतोय, जावईबापू. उद्या त्या रंगाऱ्याच्या जागी तुम्हीही असाल."

मिस्त्री बाईंकडे आला. "लिहा. किल्ली मी दिली नाही."

मग त्यानं मुलीला फोन लावला.

"पोरी, आधी बस. तुझ्या नवऱ्याबद्दल सांगायचंय, आणि ते माझ्याच तोंडून ऐक."